जळगावात जुनी पोर्शे केमन सांभाळणं जमेल का? ऊन, धूळ, सर्व्हिस आणि मॉडिफिकेशनचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात राहून २०१०-११ ची वापरलेली केमन (९८७ म्हणजे त्या पिढीचा पोर्शेचा अंतर्गत क्रमांक, २.९ लिटर, पीडीके म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घ्यायची आहे. इथल्या उन्हात ती टिकेल का, काम कोण करेल, आणि घेतल्यावर एक्झॉस्ट, लोअरिंग (गाडी आणखी खाली बसवणं) वगैरे करावं का?

टिकते. वर्षही बरोबर निवडलंय. २००९ च्या फेसलिफ्टपासून या गाडीचं इंजिन बदललं. आधीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट असायचा. त्याचं बेअरिंग गेलं की अख्खं इंजिनच जायचं. शिवाय जुन्या ३.४ लिटरच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याची खोड होती. नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. म्हणून २००७-०८ ची गाडी दोन-चार लाखांनी स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. रजिस्ट्रेशनच्या तारखेवर मात्र विसंबू नका, गाडी शोरूममध्ये पडून राहून उशिरा पासिंग झालेली असू शकते. चासी नंबरातलं दहावं अक्षर बघा: ९ म्हणजे २००९ चं मॉडेल, ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११.

आता मुद्द्याचं. इंजिन सीटच्या मागे असलं तरी मुख्य रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या दोन कोपऱ्यांत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. प्रत्येकाच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) आणि मागे पंखा. बंपरची तोंडं उघडी आणि जमिनीलगत असल्यामुळे समोर येईल ते आत जातं. आपल्याकडे काय येतं ते वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम लागला की कपाशीच्या गाड्यांमागून रस्त्यावर रुई उडत असते. ती कंडेन्सरला चिकटते, तिच्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि पावसात त्याचा लगदा होतो. हा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत असतो, त्यामुळे बाहेरून टॉर्च मारली तरी नीट दिसत नाही. ओल धरून धरून कंडेन्सरचे खालचे कोपरे गंजतात आणि आधी एसीचा गॅस जातो. गॅस भरून घेतला, दोन महिन्यांत परत गेला, असं विकणारा सांगत असेल तर बहुतेक भानगड इथंच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर हाच थर इंजिन तापवतो.

सफाई वर्षातून दोनदा: एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, कपाशी आटोपल्यावर आणि ऊन चढायच्या आधी, दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर. बंपर काढावाच लागतो. पुढचं बॉनेट उघडून वरचे स्क्रू, चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकचे दोन्ही बाजूंचे स्क्रू, मग खालचे. बहुतेक टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) आहेत, साध्या पेचकसाने डोकी खराब होतात. बंपर ओढण्याआधी बाजूच्या दिव्यांचे प्लग सोडवा, हेडलाइट वॉशर असेल तर त्याची नळीही. दोन माणसं लागतात, आणि खाली जुनं ब्लँकेट अंथरून ठेवा. नंतर हवेची प्लास्टिकची नळकांडी काढली की कंडेन्सर समोर येतो. त्याचे स्क्रू सोडून तो इंच-दीड इंच पुढे झुकवायचा. गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही, तेवढी लवचीकता त्यांच्यात असते. आधी कोरडी सफाई: मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. रुई ओली झाली की फिनमध्ये (जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये) घट्ट बसते, म्हणून पाणी सगळ्यात शेवटी आणि तेही साध्या नळीचं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर वापरलं तर फिन आडव्या पडतात आणि हवा कायमची अडते. वाकलेल्या फिन फिनकोंबने (त्यासाठीच्या खास फणीने) सरळ करता येतात, पण ते किचकट काम आहे.

बंपर उघडाच आहे तर त्याच्या तोंडांना आतून काळी ॲल्युमिनियमची जाळी लावून टाका, भोक ५-६ मिलिमीटरचं. या गाडीवरचं सगळ्यात उपयोगी मॉडिफिकेशन हेच, आणि तुमच्या यादीत ते नव्हतं. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी मात्र नको. ती आठवड्यात बुजते आणि ट्रॅफिकमध्ये गाडी तापायला लागते.

पंख्यांची तपासणी घेण्याआधीच करा. इंजिन आणि एसी चालू ठेवा, गाडी उभीच ठेवा. दोन्ही पंखे कमी वेगात फिरले पाहिजेत. दोन्ही पुढच्या चाकांच्या कमानीजवळ हात धरला की गरम हवा लागते. एका बाजूला लागली नाही तर त्या पंख्याचा रेझिस्टर जळालेला असू शकतो. अशा वेळी पंखा फक्त गाडी खूप तापल्यावर पूर्ण वेगात लागतो. हिवाळ्यात हे लक्षातही येत नाही. शक्य असेल तर गाडी एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी बघा. एसी लावून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा आणि ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) कूलंटचं तापमान पाहा. १०० ते १०५ पर्यंत चढून पंखा लागल्यावर खाली येत असेल तर ठीक. ११० च्या पुढे जाऊन तिथंच थांबत असेल तर पैसे देऊ नका. डॅशबोर्डच्या सुईवर भरवसा ठेवू नका, ती बराच वेळ ८० च्या आसपासच बसून असते.

कूलंटबाबत इथं एक गैरसमज हमखास ऐकू येतो: आपल्याकडे बर्फ पडत नाही, साधं पाणी चालतं. चालत नाही. कूलंटमुळे उकळबिंदू वाढतो आणि ॲल्युमिनियम गंजत नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत दगडासारखा बसतो. कंपनीचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. नळ्या मागून पुढपर्यंत जात असल्याने सगळं मिळून वीस लिटरहून जास्त लागतं, आणि वरून ओतून ते भरत नाही, हवा अडकते. आधी आतली हवा ओढून मग भरणारा व्हॅक्यूम फिलर लागतो. तो नसलेल्या गॅरेजला कूलंट बदलायला देऊ नका. मागच्या डिकीत गोडसर वास आला किंवा गालिचा ओला लागला तर कूलंटच्या टाकीला चीर गेली असेल. प्लास्टिक जुनं झालं की तडकतं.

कामं कोण करेल? ऑइल, ब्रेक पॅड, प्लग, फिल्टर एवढं जळगाव, धुळे किंवा भुसावळचा हुशार मेकॅनिक करतो, फक्त त्याच्याकडे टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीनेच बोल्ट आवळणारा पाना) हवा. पीडीके, एअरबॅग आणि कोडिंगसाठी (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगसाठी) मुंबई किंवा अहमदाबाद. मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणून इन्शुरन्समध्ये फ्लॅटबेडची सोय आहे का ते नीट वाचून घ्या. पुढचा टोइंगचा हूक टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत फिरवायचा. विकणाऱ्याकडे तो आहे का तेवढं बघा, बऱ्याच गाड्यांमधून हरवलेला असतो.

ऑइल पोर्शेच्या ए४० मान्यतेचं, ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०. साधारण साडेसात लिटर बसतं, पण एकदम ओतू नका. या इंजिनाला डिपस्टिक नाही, पातळी डॅशबोर्डवर दिसते. आधी सात लिटर टाका, इंजिन पूर्ण गरम करा, सपाट जागेवर उभं करून पातळी घ्या आणि मग पाव-पाव लिटर वाढवा. जास्त झालं तर धूर काढते आणि काढून टाकायचा त्रास वेगळाच. वर्षाला पाच हजारच किलोमीटर चालली तरी ऑइल दर वर्षी बदला.

पंक्चरवाल्याची गोष्ट लहान दिसते, पण नुकसान तिथं जास्त होतं. या गाडीत स्टेपनी नाही, कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली आहे. बाटलीला एक्सपायरी असते आणि उन्हात तापून ती आधीच निकामी होते. स्ट्रिप लावायचं किट वेगळं ठेवा. जॅक फक्त पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे असलेल्या ठरलेल्या जागी, मध्ये रबराचा ठोकळा ठेवून. तो दाराखालच्या पट्टीखाली कुठंही लावला की पत्रा दबतो. चाकाचे बोल्ट हाताने लावून १३० न्यूटन-मीटरला घट्ट करायचे, एअर गनने नाही. लॉक बोल्टची चावी नेहमी गाडीतच हवी.

टायर घेताना नुसती नक्षी बघू नका, कडेवरचे चार आकडे वाचा. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नवे दिसतात आणि आतून कडक झालेले असतात. सहा वर्षांहून जुने असतील तर सरळ किमतीतून वजा करून मागा. रिम १८ इंचीच ठेवा, पुढे २३५/४० आणि मागे २६५/४०. १९ इंची दिसायला भारी, पण टायरची भिंत आणखी पातळ होते आणि आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर एका खड्ड्यात रिम वाकते. हवा सकाळी, चाकं थंड असताना. दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडून देऊ नका.

मॉडिफिकेशन. लोअरिंग नको. गाडी मुळातच इतकी खाली आहे की गावातल्या घरगुती स्पीडब्रेकरवर तिरपी घेऊन एकेक चाक चढवावं लागतं. पुढून खडखड येत असेल तर त्या पैशात कंट्रोल आर्म आणि स्ट्रटचे माउंट बदला, गाडी नवी वाटेल. तेल लावलेला कॉटनचा एअर फिल्टरही नको: बारीक धूळ तो कमी अडवतो आणि त्याचं तेल एअर सेन्सरवर बसतं. कागदी फिल्टर घ्या आणि कंपनीच्या अंतराच्या निम्म्यावर बदला. रीमॅपला (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) मी पैसे घालणार नाही. टर्बो नसल्यामुळे हाती फारसं लागत नाही आणि ४५ अंशांत, कमी ऑक्टेनवर इंजिन स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतं, म्हणजे ताकद कमी होते. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं भरा. ही गाडी १० टक्के इथेनॉलपर्यंतच्या पेट्रोलसाठी बनलेली आहे आणि पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) मिळतं, म्हणून तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका आणि इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला तपासून घ्या. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदललेलं आणि चांगले पॅड असतील तर कन्नड घाट किंवा तोरणमाळ उतरताना मोठ्या ब्रेक किटची गरज पडत नाही.

एक्झॉस्टचा आवाज वाढवणं कायद्यातही अडकतं. आरसीवरच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, आणि एमएच १९ च्या रस्त्यांवर अशी गाडी पहिल्याच चौकात नजरेत भरते. मूळ सायलेन्सर फेकू नका.

गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावाच. बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते, त्यामुळे बॅटरी मेली की डिकीही बंद. तेव्हा पायाशी असलेल्या फ्यूज बॉक्समधला पॉझिटिव्ह टर्मिनल बाहेर ओढायचा, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि दाराच्या लोखंडी खिट्टीला मायनस जोडायचा. एवढ्या विजेवर डिकीचं कुलूप उघडतं, गाडी चालू करायचा प्रयत्न मात्र तिथून करायचा नाही. शेताजवळ घर असेल तर उंदरांचाही बंदोबस्त करा, वायरिंग हार्नेसची किंमत ऐकून घेरी येईल.

शेवटी कागद. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी (फॉर्म २८), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर, हा खर्च सौदा करण्याआधीच आरटीओत जाऊन काढा. २०१०-११ ची गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहे. म्हणजे फिटनेस, आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण करही आला. आयात गाडीची नूतनीकरण फी साध्या गाडीच्या कित्येक पट असते. विकणाऱ्याने नूतनीकरण केलेलं नसेल तर ते त्याच्याकडूनच करून घ्या, नंतर त्याच्या राज्यात चकरा मारणं तुम्हाला परवडणार नाही.