मॅसॅच्युसेट्समध्ये अंगणात लांब मिशांचा, पांढरे ठिपके असलेला काळा भुंगेरा दिसला. तो मेपल पोखरणारा एशियन लाँगहॉर्न की पाइनवरचा साधा सॉयर, हे कसं ओळखायचं?

आधी दोन्ही पंखांची टणक आवरणं जिथे मानेखाली एकत्र येतात, तिथला नखाएवढाही नसलेला इवलासा त्रिकोण पाहा. तो पांढरा असेल तर सॉयर, काळा असेल तर एशियन लाँगहॉर्न. याच राज्यातल्या वुस्टर शहरात २००८ साली हा परदेशी भुंगेरा सापडला आणि हजारो झाडं तोडावी लागली. इथे ओळख पटवताना आम्ही पहिल्यांदा हीच खूण बघतो. ठिपक्यांवर किंवा मिशांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका, कारण सॉयरच्या मादीलाही ते असतात आणि फसगत नेमकी तिथेच होते. चकाकी मात्र उपयोगी पडते: एशियन लाँगहॉर्न पॉलिश केलेल्या बुटासारखा काळाभोर, सॉयर खडबडीत आणि किंचित तांबूस झाक असलेला. शिवाय सॉयर मे महिन्याच्या अखेरीसच दिसू लागतो, दुसरा बहुधा जुलैपासून.

किडा जुना, घासलेला असेल तर त्रिकोणावरची पांढरी लव झडलेली असू शकते. शंका असली तर त्याला सोडू नका. बरणीत बंद करून पाठीचा जवळून फोटो काढा आणि राज्याच्या कृषी खात्याला कळवा.