कन्फ्युशियसचा कोर्स करू का?

तुझं पत्र वाचलं. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी पास आहेस, चाकणला एका जपानी कंपनीत इंटरव्ह्यू आहे आणि कोणीतरी ‘कन्फ्युशियन मॅनेजमेंट’चा, म्हणजे कन्फ्युशियस या प्राचीन चिनी विचारवंताच्या शिकवणीवरचा, ३५ हजारांचा ऑनलाइन कोर्स गळ्यात मारतंय, बाबा म्हणतात पैसे पाण्यात जातील. बाबांचं बरोबर आहे. त्या सर्टिफिकेटवर कोणी नोकरी देत नाही, तेच पैसे पुढच्या एन३ पातळीला घाल.

पण विषय उगाचचा नाहीये बरं का. एइची शिबुसावा या जपानी उद्योजकाबद्दल वाच, २०२४पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्याचंच चित्र आहे. अर्थखात्यातली नोकरी सोडून १८७३ला त्याने बँक उभी केली, मग सूतगिरणी, कागद, विमा, जवळपास ५०० कंपन्यांत त्याचा हात, आणि सगळीकडे हेका एकच, नफा कमवा पण कन्फ्युशियसची शिकवण सोडून नको. यात आपली मुंबईपण आहे. इथून जपानला कापूस न्यायची मक्तेदारी परदेशी बोटकंपन्यांकडे होती, भाडं मन मानेल तसं. १८९३मध्ये जमशेटजी टाटा जपानला जाऊन शिबुसावांना भेटले आणि निप्पॉन युसेन या जपानी बोटकंपनीची मुंबई ते जपानच्या कोबे बंदराची लाइन सुरू झाली. मग त्या परदेशी कंपन्यांनी भाडं धाडकन पाडलं, तरी जपानी गिरण्यांनी दिलेला शब्द पाळून माल ठरलेल्या बोटीनेच नेला. टाटांनी स्वतःचीही बोटलाइन काढली होती, ती बंद पडली, जपानची टिकली.

आता तुझा खरा प्रश्न, ‘साहेबासमोर बोलायचंच नाही असं असतं का?’ हे अर्धंच सांगतात लोक. झिलू नावाच्या शिष्याने विचारलं राजाची चाकरी कशी करावी, तर कन्फ्युशियस म्हणाला, त्याला फसवू नको, वेळ आली तर तोंडावर विरोध कर. आणि प्रजेने प्रजेसारखं वागायचं तर राजानेही राजासारखं वागायचं, ही अट आधी येते. आपल्याकडे काही कंपन्या सोयीचं तेवढंच उचलतात, म्हणजे ज्युनिअरने रात्री आठपर्यंत बसायचं आणि सीनिअरने शिकवायचं मात्र विसरायचं.

शॉपफ्लोअरवर हे कसं दिसतं ते सांगतो. बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, २० मायक्रॉनने (मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने) मोठा लागतोय हे तुला सकाळी दहाला कळलं तर मशीन थांबवून लगेच लीडरला सांगायचं, शिफ्ट संपताना खराब पार्ट गुपचूप रेड बिनमध्ये, म्हणजे रिजेक्ट मालाच्या डब्यात, टाकायचे नाहीत. वाईट बातमी आधी. चांगला लीडर ओरडायच्या आधी येऊन बघतो, टूल घासलाय की मशीनमधलं टूलचं सेटिंग (ऑफसेट) चुकलंय.

म्हणून इंटरव्ह्यूत शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा विचार की पहिले सहा महिने मला शिकवणार कोण, आणि ऑपरेटरने सुचवलेला बदल शेवटचा कधी झाला. उत्तर द्यायला अडखळले तर समजून घे. आणि बाँड किती वर्षांचा आहे ते लेटर हातात आल्यावर मला कळव, त्याआधी सही करू नको.