घड्याळ सुईपासून लाव

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

रक्ताची सँपल सेंटरवरून लॅबमध्ये लवकर आणण्यासाठी दोन जादा रायडर आणि रस्ता दाखवणारं अ‍ॅप मागणारा तुझा प्रस्ताव वाचला. नवले पुलावरची कोंडी, कात्रजचा वेळ, सगळं खरं आहे. तरीही तो आठवडाभर थांबव.

आधी एका कलेक्शन सेंटरवर जाऊन बस. प्रत्येक सँपलच्या पाच वेळा वहीत लिही: सुई टोचली कधी, ट्यूब पेटीत गेली कधी, रायडरनं उचलली कधी, लॅबनं घेतली कधी, सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरागरा फिरवून रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात, पडली कधी. तुमच्या नोंदी पिकअपपासून सुरू होतात. त्याआधी ट्यूब ट्रेमध्ये किती वेळ पडून होती, हे कुठेच दिसत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

मी तरुण असताना आमच्या लॅबमध्ये एक चूक झाली, ती अजून सलते. लांबच्या सेंटरवर सकाळी घेतलेली साधी लाल ट्यूब, न फिरवता, आइसपॅकवर ठेवून दुपारी आली. आम्हाला वाटलं, गार ठेवली म्हणजे काळजी घेतली. पण गारव्यात पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. रिपोर्टमध्ये ते इतकं वाढलेलं दिसलं की त्या आजोबांना रात्री दवाखान्यात हलवलं. ते ठणठणीत होते. एका घराची रात्र आम्ही जाळली.

साखरेचं उलट होतं. न फिरवलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के. उपाशीपोटीची 130 साखर चार तासांत शंभराच्या आसपास दिसू शकते, आणि मधुमेह निसटतो. साखर टिकवण्यासाठीची फ्लोराइडची करडी ट्यूबही पहिला तास-दोन तास पूर्ण आवर घालत नाही. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत काय होत असेल, तूच विचार कर.

म्हणून मी रायडरच्या आधी लांबच्या सेंटरसाठी छोटा सेंट्रिफ्यूज मागितला असता. जेलची ट्यूब अर्धा तास गोठू द्यायची, फिरवायची, मग फ्रिजमध्ये. सिरम, म्हणजे पेशींवरचं पातळ पाणी, वेगळं झालं की घाई संपते, आणि ठरलेल्या वेळेची एकच फेरी पुरते. सीबीसीची, म्हणजे पेशी मोजायच्या तपासणीची, जांभळी ट्यूब तर खोलीच्या तापमानाला दिवसभर टिकते, तिच्यासाठी कुणाला पळवू नकोस. पळवायचं तर एपीटीटीच्या, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजायच्या तपासणीच्या, निळ्या ट्यूबसाठी, ती चार तासांत तपासून व्हायला हवी. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायची, लघवी दोन तासांत पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेव. ब्लड कल्चरची बाटली आणि कल्चरसाठीचं मणक्यातलं पाणी मात्र गार करायचं नाही. पेटीत गार आणि साधा असे दोन कप्पे हवेतच.

2020 च्या सुरुवातीला देशभरातून कोरोनाचे स्वॅब आपल्या पुण्यात एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, यायचे. तिहेरी पॅकिंग, 2 ते 8 अंश तापमान. ती शिस्त रोजच्या रक्तालाही लाव, तापमान मात्र ज्या त्या ट्यूबप्रमाणे.

आणि रायडरला फेरीमागे पैसे देऊ नका. फेऱ्या वाढवायच्या नादात तो गाडी खड्ड्यांतून दामटतो, पेटी हिंदकळते, पेशी फुटतात, आणि सँपल रिपीट होतं. रुग्णाला पुन्हा सुई.

सुरुवात वेल्ह्याकडच्या सेंटरपासून कर, साडेसहाला तिथे पोच. आठवड्याची वही भरली की पानांचे फोटो पाठव, मग प्रस्ताव सोबत बसून लिहू.

तुझा,
सर