720 वर अडकणारा सूर

प्रश्न : आर्डुइनो युनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड वापरून मी बासरीचा सूर ओळखणारे यंत्र करीत आहे. इलेक्ट्रेट मायक्रोफोनचा सिग्नल एलएम358 या ॲम्प्लिफायर चिपने शंभरपट वाढवला आहे. पण जोरात फुंकले तरी युनोचे वाचन (0 ते 1023) 720 च्या वर जात नाही आणि शांत खोलीतही आकडे डोलत राहतात. प्रोग्रॅममध्ये सरासरी काढूनही उपयोग झाला नाही.
– एक वाचक, मिरज

उत्तर : दोष कुठे आहे, ते 720 हा आकडाच सांगतो. युनोवर 1023 म्हणजे 5 व्होल्ट, म्हणून 720 म्हणजे सुमारे साडेतीन व्होल्ट. आणि 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर एलएम358 चे आउटपुट साधारण तिथवरच चढते. त्यामुळे अडीच व्होल्टभोवती फिरणाऱ्या तरंगाला वर जेमतेम एक व्होल्ट मोकळा मिळतो आणि त्याचे माथे छाटले जातात. त्याजागी एमसीपी6002 हा ॲम्प्लिफायर बसवावा, त्याचे आउटपुट जवळजवळ पूर्ण 5 व्होल्टपर्यंत चढते. त्याच्या पायांची मांडणी तीच आहे. मात्र त्याला 6 व्होल्टपेक्षा जास्त पुरवठा चालत नाही, तेव्हा 9 व्होल्टची बॅटरी त्याच्यापासून दूरच ठेवावी.

आकडे डोलण्यामागे बहुधा पुरवठाच असतो, कारण यूएसबीच्या 5 व्होल्टवरील खरखर मायक्रोफोनच्या रेझिस्टरमधून सिग्नलमध्ये शिरते आणि तीही शंभरपट होते. त्या रेझिस्टरच्या आधी 1 किलोओहम जोडून, दोहोंच्या सांध्यापासून ग्राउंडला 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण निराळी. पांढरी तीनच्या (ई पट्टीच्या) बासरीचा मंद्र पंचम हा खालचा सूरसुद्धा 247 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून गेन (किती पट वाढ) ठरवणाऱ्या 1 किलोओहमसोबत ग्राउंडकडे 1 मायक्रोफॅरड घातल्यास 159 हर्ट्झखालचा भाग सूर न दुखावता उतरू लागतो.

सरासरीचा उपाय मात्र उशिराचा आहे. पिनवरचा व्होल्टेज वाचणारी ॲनालॉगरीड ही आज्ञा सेकंदाला सुमारे 9000 नमुने घेते. अशा वेळी फुंकरीच्या सुसाटीतला 8700 हर्ट्झचा अंश 300 हर्ट्झचा (9000 वजा 8700) सूर होऊन नोंदला जातो आणि एकदा तसा नोंदला गेला की खरा कोणता, खोटा कोणता हे कोणताही प्रोग्रॅम सांगू शकत नाही. म्हणून वरच्या कंपनसंख्या अडवणारी गाळणी युनोच्या पिनच्या आधीच हवी : 1 किलोओहम आणि 47 नॅनोफॅरड, म्हणजे सुमारे 3400 हर्ट्झची मर्यादा. 10 किलोओहम आणि 4.7 नॅनोफॅरड घेऊनही तीच मर्यादा येते, पण युनोच्या ॲनालॉग पिनला 10 किलोओहमपर्यंतचाच स्रोत मानवतो. तेव्हा काठावर न राहता पहिली जोडी घ्यावी.