झडप बदलल्यावर हृदय फाटणं: दुरुस्ती कशी होते आणि आधी काय विचारायचं

निफाडच्या ताईंचा प्रश्न असा आहे: आई सत्तरीकडे झुकलेल्या, मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली) अरुंद झालेली, झडपेच्या कडेला कॅल्शियम साचलेलं, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. नात्यातल्या एका बाईंचं झडप बसवल्यावर हृदय फाटलं असं कळल्यापासून घरचे ऑपरेशन नकोच म्हणतायत. हा निष्काळजीपणा असतो का, आणि फाटलेलं हृदय शिवता येतं का?

ताई, मी इथे नाशिकमध्ये परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन सांभाळतो. सर्जन नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच. पण मशीनपाशी उभं राहून हे जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

शिवता येतं. पण हृदयाच्या ऑपरेशनमधल्या सगळ्यात अवघड दुरुस्त्यांपैकी ही एक आहे, आणि अनुभवी हातांतही बरेच पेशंट वाचत नाहीत. दिलासा एवढाच की हे क्वचित होतं. मायट्रल झडप बदललेल्या शंभर जणांत साधारण अर्धा ते दोन, असे आकडे वैद्यकीय लिखाणात दिसतात. उलट झडप खूप अरुंद असेल, दम लागत असेल, फुफ्फुसातला दाब वाढलेला असेल, तर ऑपरेशन न करण्याचा धोका यापेक्षा कितीतरी मोठा असतो. भीतीपोटी तारीख रद्द करू नका.

फाटते ती डाव्या खालच्या कप्प्याची मागची भिंत. बहुतेक वेळा झडपेच्या कड्याला लागून, वरचा आणि खालचा कप्पा जिथे जुळतात त्या खाचेत. कधी खाली, झडपेच्या दोऱ्या ज्या स्नायूंना बांधलेल्या असतात त्यांच्या बुडाशी. हे दोन प्रकार 1974 मध्ये मांडले गेले. या दोन्हींच्या मधली भिंत फाटते तो तिसरा प्रकार 1979 मध्ये त्यांत जोडला गेला.

प्रत्यक्षात होतं ते असं. झडप बसली, हृदय धडधडायला लागलं, मशीन बंद झालं, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा असर उतरवायला प्रोटामाइन हे औषध सुरू झालं. आणि हृदयाच्या मागून लालभडक रक्त वर येतं. पुसलं की पुन्हा भरतं. अशा वेळी हृदय उचलून मागे बघण्याचा मोह होतो, आणि तेच करायचं नसतं. आत टणक झडप बसलेली असताना हृदय उचललं की चीर आणखी वाढते. प्रोटामाइन थांबतं, हेपॅरिनचा पूर्ण डोस पुन्हा जातो, रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे एसीटी, बहुतेक ठिकाणी 480 सेकंदांच्या वर गेला की मी मशीन सुरू करतो. मशीनच्या नळ्या हृदयातून अजून काढलेल्या नसतील तर हे पटकन होतं. काढलेल्या असतील तर त्या पुन्हा घालण्यात वेळ जातो.

बाहेरून चार टाके घालून भागत का नाही, हे नातेवाईक हमखास विचारतात. फाटलेल्या जागेभोवतीचा स्नायू रक्ताने फुगलेला असतो, पिकलेल्या पपईत टाका घातल्यासारखा दोरा त्यातून कापत जातो. शिवाय त्याच खाचेतून सर्कमफ्लेक्स ही हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जाते. बाहेरून खोल टाका पडला तर ती आवळली जाते आणि टेबलावरच हार्ट अटॅक येतो. म्हणून खरी दुरुस्ती आतून. हृदय पुन्हा थांबवतात, डावा वरचा कप्पा उघडतात, नुकतीच बसवलेली झडप टाके कापून बाहेर काढतात. चीर दिसली की पेशंटच्याच हृदयावरच्या पिशवीचा किंवा गाईबैलाच्या पिशवीपासून तयार केलेला पॅच घेतात. तो चिरेच्या काठावर शिवत नाहीत. लांबच्या धडधाकट स्नायूपासून सुरुवात करून, झडपेचं कडं ओलांडून, थेट वरच्या कप्प्याच्या भिंतीपर्यंत नेतात, म्हणजे दाब चिरेवर न येता पॅचवर येतो. त्यावर झडप पुन्हा बसते, अनेकदा आधीपेक्षा लहान मापाची. बाहेरून फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कृत्रिम कापडाच्या) पट्ट्या किंवा जैविक गोंद जोडीला असतो. नंतर हृदयावरचा भार कमी करायला बऱ्याचदा बलून पंप (महाधमनीत बसवलेला, हृदयाला हातभार लावणारा फुगा) लावतात, आणि आयसीयूत बीपी चढू न देणं हेच मोठं काम होतं.

आता निष्काळजीपणाचं. वयस्क, लहान चणीच्या बायका, अरुंद झडपेमुळे लहान राहिलेला कप्पा आणि कड्यातलं कॅल्शियम, यात धोका मुळातच जास्त. कॅल्शियम खरवडून काढावं तर भिंत पातळ होते, ठेवावं तर झडप नीट बसत नाही. चांगल्या सर्जनच्या हातूनही हे घडतं. त्या बाईंचे कागद न बघता कुणाला दोष देणं मला पटत नाही.

मात्र टाळण्यासारखं बरंच आहे. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी मागच्या पाकळीच्या दोऱ्या न कापणं. 1960च्या दशकात अमेरिकन हृदय-सर्जन लिलेहाय यांनी हे सांगितलं होतं, पण रूढ व्हायला बरीच वर्षं गेली. त्या दोऱ्या मागच्या भिंतीला आतून धरून ठेवतात. सगळ्या कापल्या की भिंतीवर ताण येतो. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपेत त्या आखडून एकमेकींना चिकटलेल्या असतात, तेव्हा सगळ्या वाचवता येत नाहीत. मग काही सर्जन कृत्रिम दोऱ्या घालतात.

पूर्वी अशा ऑपरेशनसाठी घाट उतरून मुंबई गाठावी लागायची, आता नाशिकमध्ये होतं. पण फाटलेलं हृदय घेऊन कसारा घाट उतरता येत नाही. जे करायचं ते त्याच टेबलावर, काही मिनिटांत सुरू करावं लागतं. म्हणून सर्जनना आधीच शांतपणे विचारा: मागच्या पाकळीच्या दोऱ्या ठेवता येतील का? कॅल्शियम किती आणि कुठे आहे, त्यासाठी सीटी लागेल का? बलून पंप याच हॉस्पिटलमध्ये आहे का? रक्ताच्या किती पिशव्या तयार ठेवणार? चांगले सर्जन या प्रश्नांनी चिडत नाहीत. रक्तदाते घरच्यांनी आधीच ठरवून ठेवा, निफाडहून ऐनवेळी माणसं बोलावण्यात वेळ जातो.

आणखी एक. क्वचित ही चीर लहान राहते, बाहेरच्या पिशवीने झाकली जाते आणि आठवड्यांनी किंवा वर्षांनी तिथे फुगा दिसतो. त्यामुळे घरी आल्यावर आईंना बरं वाटत असलं तरी इकोची तारीख चुकवू नका. नव्याने दम लागला तर तारखेची वाटही बघू नका.