हॅम रेडिओच्या एसएसबी (आवाजाने बोलायच्या) कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायच्या स्पर्धेत, ५ वॅटवर कोणी ऐकेल का? सीक्यू (सगळ्यांना उद्देशून हाक) देत बसावं का?

ऐकतील, पण सीक्यू देत बसू नका. १०० वॅटच्या तुलनेत ५ वॅट म्हणजे १३ डीबी (डेसिबल) कमी, साधारण दोन एस-युनिट (रिसीव्हरच्या सिग्नल-मीटरवरचे अंक). तुमची फ्रिक्वेन्सी कोणीतरी दाबून टाकणारच. त्यापेक्षा डायल फिरवत जोरात येणारी स्टेशनं शोधा आणि त्यांना बोलवा. मीटरवर एस ९ च्या वर असलेल्यांपासून सुरुवात करा.

पहिल्या दिवशी पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला अनेकजण एकदम हाका मारतात त्या गर्दीत) अडकू नका. दोन-तीन हाकांत जमलं नाही तर फ्रिक्वेन्सी मेमरीत टाकून पुढे जा. रविवारी, शेवटच्या दिवशी, दुपारनंतर हीच मोठी स्टेशनं नव्या कॉलसाठी (कॉल म्हणजे स्टेशनचं ओळखचिन्ह) आसुसलेली असतात, तेव्हा ५ वॅटलाही लगेच उत्तर मिळतं. बँड उघडा असेल (दूरची स्टेशनं ऐकू येत असतील) तर १० आणि १५ मीटरचे बँड आधी. ४० मीटरवर रात्री गोंगाटात फार दमछाक होते.

कॉल पूर्ण द्या, एकदाच, ठरलेल्या फोनेटिक्समध्ये (प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द, जसं ए म्हणजे अल्फा). 'स्ट्रोक क्यूआरपी' (कमी पॉवरची खूण) जोडू नका, उगाच कॉल लांबतो.

स्पीच कम्प्रेसर (आवाजाची सरासरी पातळी वाढवणारी सोय) जरूर लावा, पण माइक गेन एएलसी (पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा मीटर) जेमतेम हलेल इतकाच. जास्त वाढवलात तर आवाज फाटतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर घाण पसरते आणि समोरच्याला अक्षरं कळत नाहीत. खरी कमाई अँटेनात आहे: डायपोल (तारेची साधी अँटेना) शक्य तितका उंच चढवा.