वाचकांचे प्रश्न : ‘अमेरिकन चूक’ म्हणजे काय?

प्रश्न : माझ्या प्रबंधाच्या मसुद्यात परीक्षकांनी ‘ऑर्गनाइझ’मधला झेड खोडून एस केला आणि शेजारी ‘अमेरिकन चूक’ असा शेरा मारला. शुद्ध इंग्रजी ब्रिटिशच मानायचं का? आणि मसुदा आता एकसारखा कसा करायचा?

उत्तर : शेरा टिकणारा नाही. हा झेड अमेरिकेतून आलेला नाही. इंग्लंडमध्ये तो सोळाव्या शतकापासून लिहिला जातो आणि ऑक्सफर्डचे शब्दकोश आजही त्यालाच पहिली पसंती देतात. ब्रिटनमधली बहुतेक वर्तमानपत्रं एस लिहितात, इतकंच. शिवाय इंग्रजीत काय शुद्ध हे ठरवणारी, फ्रेंच अकादमीसारखी संस्थाच नाही. शब्दकोश, रूढी आणि प्रकाशकाची शैलीपुस्तिका यांवरच सगळं चालतं.

‘कलर’मधला यू मात्र खरोखरच देशाप्रमाणे बदलतो. इंग्लंडच्या सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशाने तो ठेवला, अमेरिकेच्या नोआ वेब्स्टरच्या १८२८च्या कोशाने गाळला, आणि दोन्हीकडे आपापली रूढी पक्की झाली. वेब्स्टरचं सगळंच चाललं असंही नाही. ‘टंग’ हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, ही त्याची सूचना अमेरिकनांनीही मनावर घेतली नाही. रसायनशास्त्राने तर दोन्हीकडचं उचललं : आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात ‘सल्फर’ अमेरिकन पद्धतीने एफने आहे, तर ‘अॅल्युमिनियम’ ब्रिटिश पद्धतीने, जादा आयसह.

आता मसुदा. विद्यापीठाची किंवा नियतकालिकाची सूचना असेल तर वाद संपला, तीच पाळा. नसेल तर एक पद्धत निवडा. वर्डमध्ये नुसती डीफॉल्ट भाषा बदलून भागत नाही, कारण आधी टाइप केलेल्या मजकुराला जुनीच भाषा चिकटलेली राहते. कंट्रोल-ए करून सगळा मजकूर निवडा, ‘रिव्ह्यू’मधल्या ‘लँग्वेज’मध्ये हवी ती इंग्रजी द्या, भाषा आपोआप ओळखण्याची खूण काढा. तळटीपांना हीच क्रिया वेगळी करावी लागते. हमखास राहून जातं ते तिथेच.

फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एसचा झेड करणं हा सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट. ‘अॅडव्हर्टाइझ’, ‘सरप्राइझ’, ‘एक्सरसाइझ’ यांना दोन्ही देशांत एसच लागतो, आणि ‘अॅनलाइझ’ला ऑक्सफर्डही एसच देतं. विशेषनामांना तर हात लावूच नका. इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनच्या अधिकृत नावात ब्रिटिश यू आहे आणि झेडही. ऑस्ट्रेलियात ‘लेबर’ एरवी यूसह लिहितात, पण तिथल्या लेबर पक्षाच्या नावात यू नाही! उद्धृतांचं आणि संदर्भग्रंथांच्या शीर्षकांचं स्पेलिंगही मूळचंच ठेवायचं.

स्पेलचेकरला न सापडणारे शब्द हाताने तपासा. बँकेचा ‘चेक’ सी-के लावून लिहिला तरी ब्रिटिश तपासणी गप्प बसते, कारण ‘तपासणे’ या अर्थाने तो शब्द तिथेही आहे. ‘प्रॅक्टिस’चंही तेच : ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस, अमेरिकेत दोन्हींना सी.

प्रश्न : पण उच्चार तरी ब्रिटिशच मूळचा ना?

उत्तर : कोणता ब्रिटिश? ‘कार’मधला शेवटचा र पूर्वी इंग्लंडमध्येही स्पष्ट उच्चारत. दक्षिण इंग्लंडमध्ये तो प्रामुख्याने अठराव्या शतकापासून गळत गेला. अमेरिकेच्या बहुतेक भागांत, स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये टिकला. जुनेपणावर शुद्धता ठरवायची तर इथे दक्षिण इंग्लंडच हरेल.

प्रश्न : दोन्ही देशांतल्या सहकाऱ्यांना जाणाऱ्या इतिवृत्तात कोणती इंग्रजी वापरावी?

उत्तर : स्पेलिंग कुठलंही चालेल, अर्थ सांभाळा. ठराव ‘टेबल’ केला म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेतला, अमेरिकेत बाजूला ठेवला. म्हणून ‘डिस्कस’ किंवा ‘पोस्टपोन’ लिहा. ०३/०४ ही तारीख एकाला ३ एप्रिल वाटेल, दुसऱ्याला ४ मार्च; महिना अक्षरांत हवा. ‘फर्स्ट फ्लोअर’ अमेरिकेत बहुधा तळमजला असतो, तेव्हा बैठकीच्या जागेसाठी खोलीचा क्रमांकही द्या.